फोन अडून बसला, तर काय कराल?



गेल्या खरिपातली गोष्ट. ई-पीक पाहणीची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते आणि मी एका गावी सोयाबीनचा प्लॉट पाहायला गेलो होतो. बांधावर एक काका फोन हातात धरून उभे. पिकाचा फोटो काढायला गेले आणि फोन जागच्या जागी थिजला. पडद्यावर कॅमेरा उघडा, पण बोट कितीही आपटा, पुढे नाही की मागे नाही. काका म्हणाले, "साहेब, चिखलात बैल बसावा तसा बसलाय बघा. आता तालुक्याला न्यावा लागतोय." तालुका तिथून चांगला लांब, दुपारची एसटी निघून गेलेली, म्हणजे पाहणीचा अख्खा दिवस वाया.

मी फोन हातात घेतला, कडेची दोन बटणे एकदम दाबून धरली आणि मनात आकडे मोजू लागलो. बारापर्यंत आलो असेन, पडदा काळा झाला, कंपनीचे नाव उमटले आणि दोन मिनिटांत फोन पूर्ववत. काकांना वाटले साहेबांनी काही मंत्र घातला! मंत्र कसला? बटणे त्यांच्याच फोनची होती.

पूर्वी आम्ही विस्ताराच्या कामाला निघालो की पिशवीत घडीपत्रिका आणि बियाण्याची पाकिटे असत. आता शेतकरी फोन पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, हे का चालंना?" १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची पद्धत सुरू झाली. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, बँकेचे संदेश, खताच्या दुकानातले पैसे, सारे त्याच एका डबीत. तेव्हा ही डबी अडली तर ती सोडवायची कशी, हे फवारणी पंपाचे नोझल साफ करण्याइतकेच घरात प्रत्येकाला यायला हवे.

फोन अडतो का, ते थोडक्यात सांगतो. फोनात कामापुरती एक जागा असते, तिला रॅम म्हणतात. ती आपल्या खळ्यासारखी समजा. एकाच वेळी तूर, हरभरा, ज्वारी सगळे खळ्यावर आणून टाकले तर मळणी कुठे करणार? तसेच दहा अ‍ॅप उघडी राहिली, त्यातले एखादे बिघडले, की बाकीच्यांचा रस्ता बंद होतो. दुसरे कारण साठवणीची जागा भरणे. रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले आणि लग्नांचे व्हिडिओ कोणी पुसत नाही. तिसरे कारण ऊन. सॅमसंग कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा असे सांगते, आणि आपण एप्रिलमध्ये बेचाळीस अंशात तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवतो. रीस्टार्ट केल्याने खळे झाडून स्वच्छ होते आणि काम पहिल्यापासून सुरू होते. फोटो, नंबर, संदेश यांतले काहीही त्याने पुसले जात नाही. अर्धवट लिहिलेला मजकूर किंवा न साठवलेला फॉर्म मात्र जातो, एवढे ध्यानात ठेवा.

फोन जरा मंद झाला आहे, पण बोटाला दाद देतो, अशा वेळी साधी रीत वापरावी. कडेचे पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले की पडद्यावर 'पॉवर ऑफ' आणि 'रीस्टार्ट' अशी चिन्हे येतात. त्यातल्या रीस्टार्टवर बोट ठेवायचे. पुष्कळ जण बटण एकदा टिचकावतात, पडदा काळा होतो आणि म्हणतात, "बंद करून पाहिला, फरक नाही." अहो, तो बंद नाही झाला, त्याने फक्त डोळे मिटले. आत सगळे चालूच असते.

अलीकडच्या काही फोनांत पॉवरचे बटण धरले की रीस्टार्टऐवजी भलतेच होते, फोन "बोला, काय मदत करू?" असे विचारतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ नंतर हा प्रकार वाढला. अशा फोनांत पॉवरच्या जोडीला आवाजाचे बटण धरावे लागते. कित्येक फोनांत आवाज वाढवण्याचे, तर सॅमसंगच्या नव्या फोनांत आवाज कमी करण्याचे. तेही जमले नाही तर पडद्याच्या वरच्या कडेपासून बोट खाली ओढा, पुन्हा एकदा ओढा. जो पडदा उघडेल त्यात वर किंवा खाली कोपऱ्यात पॉवरचे चिन्ह पुष्कळ फोनांत असते. गोल आणि त्याच्या डोक्यावर छोटी उभी रेघ, टीव्हीच्या रिमोटवर असते तेच. मला स्वतःला ही रीत सर्वांत सोपी वाटते, कारण बटणेही झिजत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. फोन पार थिजला, पडद्याला बोट लागतच नाही, तेव्हा काय?

आधी खात्री करा की तो खरोखर थिजला आहे. धार काढताना ओल्या झालेल्या हाताला, चिखलाच्या बोटाला पडदा ओळखत नाही. हात आणि पडदा कोरड्या फडक्याने पुसा. फवारणी करून आला असाल तर आधी साबणाने हात धुवा, फोन नंतर. मग एक-दोन मिनिटे फोन तसाच ठेवा. पुष्कळदा तो आपणहून सुटतो. पडदा अगदी काळाच असेल तर बॅटरी उतरली असण्याचा संभव जास्त. अर्धा तास चार्जिंगला लावा, मगच पुढचा विचार करा.

इतके करूनही हलला नाही तर बटणांचा जोर. जुन्या फोनांचे पाठचे झाकण उघडून बॅटरी काढता येई, पुन्हा बसवली की काम फत्ते. आता बॅटरी आतच बंद असते, म्हणून कंपन्यांनी तेच काम बटणांवर सोपवले आहे. सॅमसंगच्या फोनात पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबून सात सेकंदांहून जास्त धरायचे. काही कंपन्यांच्या फोनांत पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण, तर काहींत नुसते पॉवरचे बटण दहापासून तीस सेकंदांपर्यंत धरावे लागते. आपला फोन कोणत्या जातीचा, हे एकदा चालू स्थितीत करून पाहून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. थिजल्यावर शोधत बसण्यात अर्थ नाही.

इथे चूक होते ती घाईची. लोक चार सेकंदांत हात काढतात आणि म्हणतात काही झाले नाही. पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण दाबून लगेच सोडले तर पडद्याचा फोटो निघतो, एवढेच होते. पडदा काळा होऊन कंपनीचे नाव येईपर्यंत धरून ठेवा आणि नाव दिसताच सोडा. पडदा थिजला असताना बटणे कशी चालतात, असे एका भगिनीने मला बैठकीत विचारले होते. प्रश्न फार चांगला होता. पडद्यावरचे अ‍ॅप अडते, पण बटण सतत धरल्याचे ओळखणारी यंत्रणा वेगळी, वीज सांभाळणाऱ्या भागात असते. घरातला पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तरी मेन स्विच चालतोच, तसे.

आणखी एक. रागाने पॉवरचे बटण भराभर दाबू नका. पुष्कळ फोनांत ते लागोपाठ पाच वेळा दाबले की संकटकाळची मदत मागितली जाते, काहींत तीनदाही पुरते, आणि ११२ ला फोन लागू शकतो. खऱ्या संकटात ही सोय मोलाची आहे, घरातल्या मुलींना जरूर शिकवा. पण फोन हँग झाला म्हणून पोलिसांना कशाला उठवायचे?

बटणे धरून ठेवली आणि कंपनीच्या नावाऐवजी काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळी आल्या, तर घाबरू नका, पण सावध व्हा. याला रिकव्हरी म्हणतात. इथे बहुधा बोट चालत नाही. आवाजाच्या बटणांनी ओळ वरखाली होते आणि पॉवरने ती निवडली जाते. सहसा पहिलीच ओळ 'रीबूट सिस्टम नाऊ' अशी असते. ती निवडा आणि बाहेर या. 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' या शब्दांच्या वाटेला जाऊ नका. रीस्टार्ट आणि रीसेट ही नावे भावाभावांसारखी दिसतात, पण एक तण काढतो आणि दुसरा उभ्या पिकावर नांगर फिरवतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी माझा स्वतःचा फोन असाच थिजला. कामाची गडबड होती, बटणांची ही माहिती मला तेव्हा नव्हती. शहरातल्या एका दुकानात दिला. तासाभराने फोन हातात आला तो कोरा करकरीत. पोराने रीसेट मारला होता, विचारलेही नाही. तीन हंगामांचे प्रात्यक्षिकांचे फोटो गेले, त्याचे मला फार वाटले नाही, वहीत नोंदी होत्या. पण आई जाण्यापूर्वी दोन महिने तिने मला कामावर असताना बोललेले आवाजी निरोप पाठवले होते. "भाकरी खाल्लीस का रे," एवढेच असायचे त्यात. ते त्याच फोनात होते, आणि दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवलेले नव्हते. दुकानदार म्हणाला, "साहेब, फोन तर चालू करून दिला ना?" त्याच्या बाजूने तेही खरेच. म्हणून दुकानात फोन देण्यापूर्वी स्वतः रीस्टार्ट करून पाहा, आणि द्यायची वेळ आलीच तर "मला विचारल्याशिवाय रीसेट करायचा नाही" असे तोंडावर सांगून द्या.

फोन पुन्हा चालू झाल्यावर बोटाचा ठसा पहिल्यांदा घेतला जात नाही, आकडे किंवा नक्षीच लागते. कित्येक घरांत ती फक्त मुलाला ठाऊक असते आणि मुलगा पुण्याला! तेव्हा रीस्टार्टपूर्वी नाही, आजच विचारून ठेवा. सिमला वेगळा पिन लावला असेल तर तोही. आणि खताच्या दुकानात पैसे पाठवताना फोन अडला असेल तर चालू झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का, हे व्यवहारांच्या यादीत पाहा. दुहेरी पैसे गेले की परत मिळेपर्यंत हेलपाटे आपल्यालाच.

अपडेट चालू असल्याचे पडद्यावर दिसत असेल तर मात्र जोर मुळीच करू नका. फोन चार्जिंगला लावून मुकाट ठेवून द्या. उन्हाने तापून अडलेला फोन सावलीत ठेवून आपोआप निवू द्या. एका गावी फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवलेला मी पाहिला आहे. आत दमट झाला की तो कायमचाच थंड व्हायचा.

रीस्टार्ट करूनही रोज रोज अडत असेल तर सेफ मोडची रीत आहे. बऱ्याच फोनांत पॉवर ऑफच्या चिन्हावर बोट दाबून धरले की सेफ मोड विचारतो. त्यात आपण नंतर टाकलेली अ‍ॅप बंद राहतात. तेव्हा फोन सुरळीत चालला तर दोष एखाद्या अ‍ॅपचा, अलीकडे टाकलेले आधी काढा. साधा रीस्टार्ट केला की फोन सेफ मोडमधून बाहेर येतो.

एका आजींचा फोन मात्र वेगळ्याच कारणाने "बिघडला" होता. बोट ठेवले की फोन मोठ्याने बोलायचा, चौकट उमटायची आणि काही उघडायचे नाही. घरात बाहेरची बाधा इथपर्यंत चर्चा गेली. तो होता टॉकबॅक, अंध व्यक्तींसाठीची सोय, खिशात बटणे दाबली जाऊन चालू झालेली. आवाजाची दोन्ही बटणे एकदम तीन सेकंद धरली आणि बाधा उतरली.

राहिली गोष्ट बटण मोडलेल्या फोनाची. मातीने पॉवरचे बटण रुतून बसणे हे आपल्याकडे नेहमीचेच. फोन चालू असेपर्यंत सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून त्यातला अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू सुरू करा. पडद्याच्या कडेला एक छोटे चिन्ह येते, त्यात पॉवरचाही पर्याय असतो. बटण दुरुस्त होईपर्यंत त्यावर काम भागते. फक्त अशा फोनाची बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, कारण बंद पडलेला फोन चालू करायला बहुधा तेच मोडके बटण लागते.