कुत्र्याला थायमोमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधा खोकला किंवा धाप म्हणून एक्स-रे काढावा आणि हृदयाच्या पुढे मुठीएवढी सावली दिसावी, असं थायमोमाच्या बाबतीत होतं. थायमस ही छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी. पिल्लाच्या वाढीच्या काळात ती जोमात असते, वयात आल्यावर आक्रसते. तिच्या उरल्यासुरल्या पेशींतून क्वचित गाठ होते, तीच थायमोमा; ती बहुधा नऊ-दहा वर्षांच्या, मोठ्या चणीच्या कुत्र्यांत.

गैरसमज : छातीतली गाठ म्हणजे लिम्फोमाच.
वस्तुस्थिती : एक्स-रेवर दोन्ही सारख्याच दिसतात. सुईने नमुना घेतला तरी फसगत होऊ शकते, कारण लिम्फोमा हा लिम्फोसाइट पेशींचाच कर्करोग, आणि थायमोमातही या पेशींची गर्दी असते. फ्लो सायटोमेट्री किंवा बायोप्सीने फरक कळतो. तो कळणं महत्त्वाचं, कारण लिम्फोमावर मुख्य उपाय केमोथेरपी, तर थायमोमावर शस्त्रक्रिया. निदानाआधीच स्टेरॉइड सुरू केलं, तर चित्र आणखी धूसर होतं.

गैरसमज : गाठ मोठी, म्हणजे काढता येणार नाही.
वस्तुस्थिती : आकारापेक्षा ती किती रुतली आहे, हे पाहावं लागतं. मोठी पण स्वतःच्या आवरणात राहिलेली गाठ सुटी करता येते; लहान गाठ महाशिरेत घुसली असेल तर काम अवघड. डोकं, मान आणि पुढचे पाय सुजले असतील, तर त्या शिरेवर दाब आल्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेचा अंदाज सीटी स्कॅननेच नीट येतो. शस्त्रक्रिया शक्य नसेल तिथे रेडिएशनने अनेकदा गाठ आटते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते.

गैरसमज : खाल्लेलं बाहेर येतं, म्हणजे पोट बिघडलं.
वस्तुस्थिती : पोट न आवळता, ओकारी न येता अन्न जसंच्या तसं पडत असेल, तर दोष अन्ननलिकेचा असू शकतो. थायमोमासोबत काही कुत्र्यांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस होतो : स्नायू दुबळे पडतात, अन्ननलिका सैल होऊन फुगते. मग अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि गाठीपेक्षा तोच आधी जिवावर बेततो. म्हणून अशा कुत्र्याला उभं धरून भरवायचं आणि नंतरही काही वेळ तसंच ठेवायचं. गाठ काढली की हा आजार लगेच जातोच असं नाही. कधी तो शस्त्रक्रियेनंतरही उपटतो.

गैरसमज : रक्तातलं कॅल्शियम वाढलं, म्हणजे आता काही खरं नाही.
वस्तुस्थिती : 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, थायमोमा असलेल्या 116 कुत्र्यांच्या अमेरिकी अभ्यासात सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांचं कॅल्शियम वाढलेलं होतं; पण त्यामुळे त्यांचं आयुष्य घटल्याचं दिसलं नाही. अर्थात मूत्रपिंडं जपण्यासाठी उपचार हवेतच.

गैरसमज : डॉक्टरांनी आकडा सांगितला, म्हणजे तारीख ठरली.
वस्तुस्थिती : त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचा जगण्याचा मध्यक 635 दिवस होता, न झालेल्यांचा 76. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या कुत्र्याचा आकडा. निम्मी त्याहून जास्त जगली. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्यांत मुळातच जास्त आजारी कुत्री असू शकतात, त्यामुळे सगळा फरक सुरीच्या खात्यावर मांडता येत नाही. म्हणून पशुवैद्यांना ‘किती दिवस?’ विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हा थायमोमाच आहे का, तो सुटा होईल का, आणि अन्ननलिका शाबूत आहे का?