'अ‍ॅन्सी' म्हणजे काटेकोर नव्हे

'जीसीसी' या कम्पायलरला 'सी' भाषेचे कोणते प्रमाण मानावे, हे आज्ञेतच सांगता येते. त्यासाठीच्या पर्यायांत 'अ‍ॅन्सी' सर्वांत फसवा. प्रमाणाबाहेरचे काहीच तो खपवून घेणार नाही, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात तो केवळ १९८९ मध्ये ठरलेले जुने प्रमाण निवडतो. 'सी प्लस प्लस'साठी १९९८ चे. म्हणून 'सी'मध्ये दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारी टिप्पणी चूक ठरते. जीसीसीच्या स्वतःच्या कित्येक सवलती मात्र बिनबोभाट चालून जातात! त्यांबद्दल ताकीद हवी असल्यास 'पेडॅन्टिक' हा पर्याय जोडावा लागतो. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले आहे, पण नावच दिशाभूल करते त्याला काय करणार?

पर्याय न देणेही निर्धोक नाही. मूळ गृहीत प्रमाण २०१५ पर्यंत १९९० चे होते. २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीने 'सी २३' स्वीकारले. त्यात 'बूल' हा राखीव शब्द असल्याने, त्याच नावाचा प्रकार स्वतः घडवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या अडतात. तूर्त 'एसटीडी' या पर्यायात 'जीएनयू १७' असे मूल्य दिल्यास त्या पूर्ववत चालतात.