विश्लेषण : सेप्सिसचा संशय रुग्णवाहिकेतच का यायला हवा?

छातीत कळ आली की हृदयविकार, तोंड वाकडे झाले की पक्षाघात, हे रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांच्या चटकन लक्षात येते. सेप्सिसला मात्र अशी एकच ठळक खूण नाही. ‘आजोबांना दोन दिवस बरे नाही, आज काहीबाही बोलतायत’ एवढ्याच माहितीवर रुग्ण गाडीत येतो आणि उपचारांचा मोलाचा वेळ निघून जातो.

सेप्सिस म्हणजे काय?

न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा, पोटातील किंवा जखमेतील संसर्ग, यांपैकी कशानेही सेप्सिसची सुरुवात होऊ शकते. संसर्गाशी लढताना शरीराची प्रतिक्रिया बेताल होते आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१७ मध्ये जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

ओळखणे अवघड का?

ताप असेलच असे नाही. वृद्धांमध्ये शरीर उलट थंड पडू शकते. बरळणे पक्षाघातासारखे वाटते, धाप दम्यासारखी, तर गळून जाणे वयावर ढकलले जाते.

मग कोणत्या खुणा पाहायच्या?

संसर्गाची शक्यता असताना श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि भान हरपणे, या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या तर धोका मोठा, असे ‘क्यूसोफा’ ही पद्धत सांगते. मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ब्रिटनमध्ये ‘न्यूज-२’ ही गुणपद्धत वापरतात. तीत श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण दिले जातात. संसर्गाची शंका असताना बेरीज ५ किंवा अधिक झाली, तर सेप्सिसचा विचार तातडीने करायचा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळ, थर्मामीटर, बीपीचे यंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर पुरेसे असतात.

गाडीतच अँटिबायोटिक दिले तर?

नेदरलँड्समध्ये नेमके हेच तपासले गेले. ‘फँटासी’ नावाच्या या चाचणीत सुमारे २,७०० रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रुग्णवाहिकेतच अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले गेले. तरीही २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ८ टक्केच राहिले. पण दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरली. चाचणीआधी कर्मचाऱ्यांना सेप्सिस ओळखण्याचे प्रशिक्षण दिले होते. त्यानंतर, ज्यांना गाडीत इंजेक्शन मिळाले नाही अशा रुग्णांनाही रुग्णालयात पोहोचल्यावर अँटिबायोटिक लवकर मिळू लागले. आधी त्यासाठी साधारण ९३ मिनिटे लागत, ती ७० वर आली. म्हणजे इंजेक्शनने फरक पडला नाही, पण ओळखायला शिकवल्याने रुग्णालयातील उपचारांनाही वेग आला.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

राज्यात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांसह. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य. त्यामुळे नोंदी घेऊन ‘सेप्सिसचा संशय आहे’ असे रुग्णालयाला आधीच कळवणे इथे शक्य आहे. सेप्टिक शॉक असेल तर निदान होताच, शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक द्यावे, अशी शिफारस आहे. गावाकडून जिल्हा रुग्णालय गाठायलाच वेळ लागत असेल, तर दारात पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून चौकशी करणे रुग्णाला परवडणारे नाही.

नातेवाइकांनी काय सांगावे?

- ताप, खोकला, लघवीची जळजळ किंवा जखम कधीपासून आहे
- लघवी कमी झाली आहे का
- बोलण्या-वागण्यात बदल केव्हापासून झाला
- मधुमेह, कर्करोगाचे उपचार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण
- आधी घेतलेली औषधे, विशेषतः अँटिबायोटिक्स

घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र स्वतःहून देऊ नये. आणि ‘संसर्गामुळे सेप्सिस तर नसेल ना?’ असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.