साडेचार मीटरची लाट नव्हे, भरती

पावसाळ्यात ‘आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा’ अशी बातमी हमखास येते आणि मरीन ड्राइव्हवर गर्दी होते. हा आकडा लाटेचा नसतोच. सागरी नकाशासाठी ठरवलेल्या शून्यापासून भरतीचं पाणी किती चढेल, एवढंच तो सांगतो. हे शून्य मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ धरतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे त्या दिवशी पाणी सरासरीहून दोनेक मीटर चढतं. लाटा मोठ्या की लहान, ते वारा ठरवतो.

भरतीचं गणित इंग्रजांनी आणलं, असंही अनेकांना वाटतं. कोकण किनाऱ्यावर मात्र तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला इथे भरती बाराच्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा ठोकताळा जमतो. पण तो याच किनाऱ्याचा. हुगळीवर चंद्र तोच असला तरी वेळ वेगळी. शिवाय पाऊणपट वेळ सांगते, उंची नाही. आणि गोदीत जहाज घेणाऱ्याला उंचीच हवी असते.

सर्वांत पक्का समज म्हणजे पंचांगासारखं आकाशाचं गणित केलं की भरतीचं कोष्टक तयार होतं. प्रत्यक्षात आधी त्या बंदराचं पाणी मोजावं लागतं. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाची नोंद 1878 पासूनची आहे. अशा जुन्या यंत्रात विहिरीसारख्या नळीत फ्लोट तरंगे. खालच्या लहान छिद्रातून पाणी सावकाश आत येई, त्यामुळे लाटांचा खळखळाट बाहेरच राही. फ्लोटची चढउतार घड्याळाच्या चालीनं फिरणाऱ्या कागदावर उमटे. त्या एका रेषेत अनेक ताल मिसळलेले असतात: चंद्राचा 12 तास 25 मिनिटांचा, सूर्याचा 12 तासांचा, आणखी कितीतरी. ते सुटे करण्याची रीत 1860 च्या दशकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी मांडली. प्रत्येक तालाचा जोर किती आणि तो किती उशिरा पोचतो, हे दर बंदराचं वेगळं असतं.

सुटे केलेले ताल पुढच्या वर्षासाठी पुन्हा जोडणं हे हातानं करायचं तर जीवघेणं काम. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून 1879 मध्ये लंडनला खास यंत्र घडलं. एकेका तालाची एकेक कप्पी, सगळ्यांवरून गेलेली एकच तार आणि तिच्या टोकाला लेखणी! मला हे यंत्र त्या शतकातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं.

कोष्टक अचूक झालं तरी मोजणी थांबवता येत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्र सुमारे सेंटिमीटरभर फुगतो. वादळी वारा पाणी आणखी ढकलतो. 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा कुठल्याच कोष्टकात नसलेल्या लाटा हिंदुस्थानच्या बंदरांतल्या भरतीमापकांनी कागदावर उतरवल्या. विसाव्या शतकात मुंबईचा समुद्र वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढत गेला, हेही अपोलो बंदरच्या नोंदींतूनच कळलं.