जागरण आणि तराजू

हंगामात पेढीवरचा दिवा लवकर मालवला म्हणजे त्या पेढीची चाल मंदावली, असे आमचे वडीलधारे समजत. जागरण हे व्यापाऱ्याचे भूषणच होते. त्याची दुसरी बाजू प्रस्तुत लेखकास २०११ च्या सोयाबीनच्या हंगामात कळली.

दिवाळीपूर्वीचे दिवस. सलग दोन रात्री मालमोटारी उतरवून घेण्यात गेल्या होत्या. तिसऱ्या सकाळी एका वृद्ध शेतकऱ्याच्या ६४ पोत्यांची पट्टी मी स्वतः केली. बारदानाची वजावट तोलाईच्या वहीत आधीच झाली होती. पट्टीत मी पोत्यामागे एक किलो पुन्हा वजा धरला. शेतकरी म्हणाला, "शेट, वजन जरा बघा की." मी म्हणालो, "काटा तुमच्यासमोरच झाला आहे."

वाक्य खरे होते. मनात लबाडीही नव्हती. परंतु येथे न्यायान्यायाचा काही प्रश्न उभा आहे, हेच मुळी ध्यानात आले नाही.

अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २६ जणांना ५३ तास जागे ठेवून केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. साध्या प्रश्नांत त्यांना विशेष विलंब लागला नाही. जेथे दुसऱ्या जीवाला आपल्या हातून थेट इजा होण्याचा पेच होता, तेथे मात्र निर्णयास अधिक वेळ लागला. पुढे २०१५ साली बार्न्स, गुनिया व वॅग्नर यांनी दाखविले की, अपुऱ्या झोपेने प्रसंगातील नैतिक अंग ओळखण्याची शक्तीच उणावते. आमच्या ६४ किलोंचा उलगडा मला तेथे झाला.

आपल्याकडे पंधरा प्रमादांत निद्रेची गणना आहे; म्हणून जागणारा तो अप्रमत्त, असा आम्हा दुकानदारांचा सोयीस्कर समज. प्रमाद म्हणजे असावधानता, आणि ती उघड्या डोळ्यांनीही घडते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांमध्ये हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापातील कमीअधिकपणा, सांगितला आहे. माझ्या हातून झाली ती केवळ चूक की अतिचार, हे मी अजून ठरवू शकलो नाही. पहिली चूक नजरेची म्हणता येईल. वही न उघडता दिलेल्या उत्तराचे काय?

त्या रात्री नऊ तास झोपलो. दुसऱ्या दिवशी तीच वही उघडताच वजावट डोळ्यांत भरली. मी गावी जाऊन रक्कम दिली व चूक कबूल केली. वृद्धाने पैसे मोजून घेतले, चहा पाजला, वाटेला लावून दिले. पुढील हंगामात त्याचा माल समोरच्या दुकानी उतरला.