खेळण्यांचा देखावा आणि डब्यावरची अक्षरे

(आपल्या कारखान्याचे एक जुने सभासद अमेरिकेत लेकीकडे तीन महिने राहून आले. तिकडची शेती व बाजारपेठ यांवर ते लिहितील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी लिहिले ते भलतेच. परंतु सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून देत आहोत. — संपादक)



गेल्या उन्हाळ्यात खोडव्याची कामे थोरल्याच्या अंगावर टाकून आम्ही उभयता ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे लेकीकडे गेलो. पहिल्याच रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, आमचा कारखाना दाखवतो." मला वाटले, मोटारीने कुठे लांब जायचे असेल. तर त्यांनी घराच्याच तळघरात नेले! खाली एक टेबल, वजनाचा काटा, रबराचे साचे आणि फळीवर रांगेने उभी केलेली पावणेचार इंची माणसे. "मी चेअरमन, आणि हे कार्यकारी संचालक," असे म्हणून त्यांनी माझ्या अकरा वर्षांच्या नातवाकडे बोट दाखविले.

बाहुल्यांची कूळकथा

ही माणसे म्हणजे 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील पात्रे. चित्रपट मे १९७७ मध्ये आला. त्याची खेळणी काढण्याचा परवाना केनर या कंपनीकडे होता आणि ही कंपनी सिनसिनाटीचीच. चित्रपट तुफान चालला, नाताळ तोंडावर आला, पण बाहुल्या काही तयार नाहीत. मग कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट विकायला काढले. आत बाहुली नाही, कुपन! ते भरून पाठवायचे, म्हणजे पुढील वर्षी चार बाहुल्या पोस्टाने येणार. लोकांनी पाकिटे घेतली आणि १९७८ साली बाहुल्या घरपोच झाल्या. ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल ते काय! केनर पुढे हॅस्ब्रो कंपनीकडे गेली.

बाहुली दुकानात मिळते, तिच्याभोवतीचे गाव मात्र हवे तसे मिळत नाही. ते हौशी माणसे घरी करतात. आपण गणपतीपुढे देखावा करतो, त्यातलाच हा प्रकार. जावईबापूंना करायचे होते चित्रपटातील वाळवंटी गाव. पडद्यावर ते परग्रहावर दिसते, प्रत्यक्षात त्याचे चित्रण आफ्रिकेतील ट्युनिशियात झाले. प्रमाण अठरास एक. म्हणजे सहा फुटी माणूस चार इंचाचा. भिंत, दार, पायरी सगळे त्याच मापात.

बेणे चांगले तर फड चांगला

दहा भिंती हव्या असतील तर दहा वेळा कोरत बसत नाहीत. एकच भिंत जीव ओतून करायची. तीस मूळ नग म्हणू. प्लॅस्टिकचा पत्रा, माती, मोडक्या खेळण्यांचे सुटे भाग, काहीही चालते. मग भोवती चौकट उभारून वरून सिलिकॉन रबर ओततात. धार बारीक, उंचावरून आणि एकाच कोपऱ्यात, म्हणजे हवेचे बुडबुडे फुटतात. रात्रभरात रबर बसले की साचा तयार. मूळ नगावर बोटाचा ठसा राहिला असेल तर तो प्रत्येक नगावर उमटणार. बेण्यात रोग असला की फडभर दिसतो, तसेच.

एक गंमत सांगतो. नातवाने मूळ नगावर शाळेतल्या मातीचा दगड बसविला होता. दुसऱ्या दिवशी तेवढ्या जागी रबर चिकटच राहिले. त्या मातीत गंधक होते, आणि काही जातींचे सिलिकॉन गंधकाच्या संगतीत बसतच नाही. मी म्हटले, "अरे, आमच्या कारखान्यात गंधकाच्या धुरीने रस निवळतो, आणि तुमच्याकडे तेच गंधक काम नासवते!" नातू खूप हसला.

फसलेले ओतकाम

साच्यात ओततात ते पॉलियुरेथेन रेझिन. दोन बाटल्या, सांगितलेल्या मापाने मोजून एकत्र करायच्या. ढवळून ओतायला दोन-तीन मिनिटेच मिळतात. रस तापतो, बघता बघता पांढरा होतो आणि अर्ध्या तासात नग हातात येतो. मळीसारखा दिसणारा पातळ पदार्थ दगड होताना पाहून मी थक्क झालो.

सिनसिनाटीचा उन्हाळा दमट. एकदा बाटलीचे झाकण नीट लागले नव्हते. त्या दिवशी साच्यातले रेझिन काहिलीतल्या रसासारखे फसफसून वर आले. भिंत हातात घेतली तर पावासारखी जाळीदार! कारण विचारता जावईबापू म्हणाले, "एका बाटलीतल्या पदार्थाची ओलाव्याशी क्रिया होऊन वायू सुटतो." "कोणता पदार्थ?" असे मी विचारले. मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून नातवाने लेबल वाचले. अडखळत अडखळत तो म्हणाला, "डाय... आयसो... सायनेट."

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला.

तो शब्द

डिसेंबर १९८४ मध्ये हा शब्द आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचला आहे. भोपाळला २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री सुटला तो मिथाईल आयसोसायनेट वायू. हजारो माणसे गेली. जावईबापूंनी मला समजावले की, बाटलीतले द्रव्य त्याच घराण्यातले असले तरी वेगळे आहे, ते तसे भराभर हवेत उडत नाही. ते खरेच आहे. भोपाळची धास्ती येथे घेण्याचे कारण नाही. परंतु लेबल पुढे वाचले तर त्यावर छापले होते की, याच्या वाफेने दमा जडू शकतो. आणि एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे अगदी थोड्यानेही श्वास कोंडतो. वासावरून धोका ओळखता येत नाही. घट्ट झालेला नग निरुपद्रवी. पण तो घासताना उडणारी धूळ छातीला वाईटच.

तळघराला खिडकी एकच, तीही बंद. मुखवटा कुणाच्याच तोंडाला नाही. आणि ओतकामाच्या रात्री जावईबापू कोरडे खोकत, हे मी पंधरा दिवस ऐकत होतो.

आता जावयाला शिकवावे कसे? आपल्यात ते शोभत नाही. रात्रभर विचार केला. सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना स्वतःचीच गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी उसावर औषध फवारताना तोंडाला फडकेसुद्धा न बांधता मी बांधावर चक्कर येऊन पडलो. बैलगाडीतून दवाखान्यात नेले. डबा शेजारीच होता, त्यावर सगळे छापलेले होते. "वाचले नाही, जावईबापू. वाचायला येत होते, तरी वाचले नाही." ते काही बोलले नाहीत. लेक मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात ते डॉक्टरांकडे गेले. खोकला त्याचाच होता की काय, हे सांगायला मी डॉक्टर नव्हे. पण तूर्त रेझिनपासून दूर राहा, असा सल्ला मिळाला.

गाव उभे राहिले

नातू हिरमुसला. पण साचे तर तयार होते! त्यांत रेझिनऐवजी कडक जातीचे प्लास्टर ओतून पाहिले. नग जड होतो, कोपरे टवके उडण्याइतके ठिसूळ. पण वाळवंटातल्या पडक्या भिंतीला ते टवके शोभूनच दिसतात. पूड मिसळताना व घासताना तिघांच्याही तोंडाला मुखवटा, आणि टेबल गॅरेजच्या उघड्या दारात. वर मातकट रंग, खाचांत काळसर पाणी, कडांवर कोरड्या कुंचल्याने फिकट छटा. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी अकरा भिंतींचे गाव उभे राहिले. एका दाराची चौकट या हातांनी रंगविलेली आहे.

असो. आता पावसाळ्यानंतर आपल्याकडे फवारणीची कामे निघतील. डबा हातात घ्याल तेव्हा त्यावरची बारीक अक्षरे वाचा. दिसत नसतील तर नातवाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आपला,
एक सभासद