थंडीतली वाडी आणि घरचे ताट

मे महिना आला की ब्रह्मपुरीचे नाव राज्यभरच्या हवामानवृत्तात येते. पारा ४५-४६ अंशांवर चढतो आणि चंद्रपूरच्या बरोबरीने या गावाचा उल्लेख होतो. घरामागच्या वाडीच्या दृष्टीने मात्र इथला खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आहे. धान कापून झालेले असते, मामा तलावांत आणि विहिरींत पाणी असते, ऊन सोसवणारे असते. पालेभाज्या, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी हे सारे घरच्या घरी पिकवायला वर्षातून एवढे चार महिनेच मिळतात.

या चार महिन्यांचा आरोग्याशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. भात मुख्य अन्न असलेल्या घरात ताटातली भाजी वाढणे म्हणूनच महत्त्वाचे. पण थंडीविषयीच्या काही गैरसमजांमुळे कुठे बी वाया जाते, कुठे रोप, तर कुठे माणसाची प्रकृती बिघडते. दर हिवाळ्यात हमखास विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

कोणते बी आता पेरावे, कोणते थांबवावे?

मेथी, पालक, सांभार, मुळा, गाजर, बीट, वाटाणा, कोबी आणि फुलकोबी ही थंडी मानवणारी पिके आहेत. साधारण १० ते २५ अंशांत ती चांगली वाढतात. उलट फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागले की पालक आणि सांभार पाने द्यायचे सोडून फुलावर येतात. भेंडी, काकडी, दोडके, कारले, दुधी यांचे तसे नाही. जमिनीचे तापमान १५ अंशांच्या खाली असेल तर त्यांचे बी फुगते, पण कोंब येण्याआधीच कुजते. ही पेरणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर करावी.

वांगी, मिरची आणि टोमॅटो, म्हणजे इकडचे भेदरे, मधल्या गटातले. ऑक्टोबरपर्यंत रोपे लागली तर थंडीपूर्वी मुळे धरतात आणि झाड तगते. रात्रीचे तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहिले की भेदऱ्याची फुले गळतात, कारण थंडीत परागकण नीट तयार होत नाहीत. हा रोग नाही, त्यावर औषध नाही. रात्री थोड्या उबदार झाल्या की फळ धरते.

एकाच दिवशी सगळी मेथी पेरण्याऐवजी दर १५ दिवसांनी एक लहान वाफा पेरावा. तसे केल्यास घरात एकदम ढीग होत नाही आणि होळीपर्यंत भाजी पुरते.

सांभार उगवतच नाही, बी खराब आहे का?

बहुतेक वेळा बी चांगलेच असते. धण्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात आणि वरचे कवच टणक असते. दाणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मग पेरावे. तरीही थंडीत उगवायला १० ते १५ दिवस लागतात. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, त्यामुळे शेजारचा सांभाराचा वाफा फसला असे वाटते आणि लोक तो उकरून टाकतात. तेवढे दिवस माती ओलसर ठेवावी. वर धानाच्या तणसाचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसताच तो काढून घ्यावा.

पाणी किती आणि केव्हा?

थंडीत झाड कमी पाणी उडवते, माती हळू वाळते. उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी दिले तर मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पाने पिवळी दिसली म्हणून आणखी पाणी दिले जाते आणि झाड मरते. बोटाच्या पेराइतकी माती उकरून पाहावी. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. एरवी सकाळी ऊन आल्यावर, मुळाशी पाणी द्यावे. संध्याकाळी पानांवर शिंपडलेले पाणी रात्रभर तसेच राहते आणि बुरशीला वाव मिळतो.

टाकीत रात्रभर राहिलेले पाणी पहाटे गार असते. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी त्या मानाने कोमट लागते, कारण जमिनीच्या खोलवरच्या तापमानात ऋतूप्रमाणे फारसा फरक पडत नाही. कोवळ्या रोपांना आणि पाणी घालणाऱ्या हातांनाही ते बरे.

थंडीची लाट आली तर?

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक खाली असले, की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. जमिनीलगतची हवा त्यामुळे सर्वांत थंड होते आणि लहान रोपांना तोच फटका बसतो.

उपाय साधे आहेत. अशा रात्रीपूर्वी, दुपारनंतर वाफ्यात हलके पाणी सोडावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त वेळ धरून ठेवते. रोज संध्याकाळी पाणी द्यायचे नाही, पण या एका रात्रीचा अपवाद. चार काड्या रोवून त्यांवर जुने लुगडे किंवा तणस पसरावे. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये. जिथे टेकते तिथे पान काळे पडते. ऊन आल्यावर आच्छादन काढावे, नाहीतर आत दमटपणा साचतो.

तुळस आणि कढीपत्ता का सुकतात?

तुळस उष्ण हवेतली. पारा १० अंशांजवळ आला की तिची पाने काळपट होऊन गळतात. मंजिऱ्या खुडाव्यात, पाणी कमी करावे, कुंडी दिवसभर उन्हात आणि रात्री पडवीत ठेवावी. कढीपत्ता थंडीत विश्रांती घेतो. त्याला या काळात खत घालून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आपोआप पालवतो. हळद आणि कोचईची पाने पिवळी पडून लोळू लागली तर घाबरू नये. कंद तयार झाल्याची ती खूण आहे.

मावा पडला, कोणते औषध मारावे?

ढगाळ हवेत वाल, मोहरी, कोबी यांवर मावा येतो. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार किंवा शेंडा खुडून टाकणे पुरते. पुढे निंबोळी अर्क वापरावा: ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळून फवारावा.

शेतातल्या फवारणीचे उरलेले औषध वाडीत कधीही वापरू नये. शेतात फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबावे लागते. वाडीतली मेथी मात्र संध्याकाळी फवारून सकाळी खुडली जाते. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरण्यास २००५ पासून देशात मनाई आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भ विसरलेला नाही. फवारणीनंतर किंवा भाजी खाल्ल्यावर खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, धूसर दिसणे, छातीत घरघर अशी लक्षणे दिसली तर कपडे बदलून, अंग धुऊन, औषधाच्या डब्यासह तात्काळ रुग्णालय गाठावे. उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे घरातल्या लेकरासाठी सापळा लावणे.

घरचा पालक खाल्ला की रक्त वाढते का?

अर्धे खरे आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. १०० ग्रॅम पालकात ते सुमारे तीन मिलीग्रॅमच असते आणि वनस्पतींमधल्या लोहाचा लहानसा भागच शरीरात शोषला जातो. केवळ पालकाने रक्तक्षय बरा होत नाही. गरोदरपणात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या लाल गोळ्या, ज्यांत ६० मिलीग्रॅम लोह असते, त्या ‘भाजी खातो ना’ म्हणून थांबवू नयेत.

तरीही भाजी हवीच. हिरव्या पानांतून फोलेट मिळते, गाजर आणि मुंगन्याच्या पाल्यातून अ जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो. भाजी उकळून पाणी फेकले तर फोलेट त्याबरोबर जाते, म्हणून झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. लिंबू कढईत न पिळता ताटात पिळावे, कारण उष्णतेने ते जीवनसत्त्व नष्ट होते. याच महिन्यांत आवळाही भरपूर मिळतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र लोह अडवतो. मध्ये तासभर जाऊ द्यावा.

एक अपवाद लक्षात ठेवावा. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू वा बंद करू नये. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

वाडीत काम करताना काय जपावे?

पहिली गोष्ट पायांची. अंकुशकृमीची अळी ओल्या, दूषित मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते, आतड्यात जाऊन रक्त पिते आणि रक्तक्षय करते. ज्या वाडीतून भाजी येते तिथूनच रक्त कमी करणारा जंतही येऊ शकतो. म्हणून वाडीत चप्पल नव्हे, पाय झाकणारा बूट घालावा. कच्चे शेण वापरू नये, पूर्ण कुजलेले खत घालावे. न्हाणीचे सांडपाणी केळी, कोचईला चालेल. कच्चा खाल्ला जाणारा सांभार, मुळा आणि गाजर यांना नाही. काट्याने किंवा खुरप्याने जखम झाली तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट आडोशाची. लाकडांची रास आणि तणसाचा ढीग ही सापांची थंडीतली जागा आहे, आणि घोणस हिवाळ्यातही फिरते. ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे जाणे यात वेळ घालवू नये; तो अवयव हलू न देता थेट सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. जंगलाला लागून घर असेल तर वाडीभोवतीची झुडपे साफ ठेवावीत आणि पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांजेला वाकून निंदण करणे टाळावे. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि बिबट्याच्या वावराची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट सिकलसेलची. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या अनेक कुटुंबांत हा आनुवंशिक आजार आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी त्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. अशा रुग्णाने पहाटे गार पाण्यात हात घालू नये. दहानंतर उन्हात, उबदार कपड्यांत काम करावे आणि तहान नसली तरी पाणी पीत राहावे. पालेभाजी त्याला चांगलीच, पण लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नयेत. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लाल पेशी लवकर फुटल्यामुळे, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त असू शकते.

म्हणून ज्या घरात भाजी नियमित आहे, गोळ्याही घेऊन झाल्या आहेत, तरी रक्त वाढत नाही, किंवा लेकराचे हातपाय दर थंडीत दुखतात, तिथे भाजी आणखी वाढवून भागणार नाही. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. प्राथमिक चाचणीत दोष दिसला तर पुढच्या चाचणीने तो वाहक आहे की रुग्ण हे कळते. ती तपासणी या हिवाळ्यातच, थंडी ओसरण्याआधी, करून घ्यावी.